लॉर्ड मेयरची स्वारी

नगराध्यक्षानें शपथ घ्यावी, हार-तुरे व्हावेत, चार भाषणें व्हावींत आणि मंडळींनीं आपापल्या घरीं जावें, ही आपल्या ओळखीची रीत आहे. परंतु सन १६१३ च्या ऑक्टोबरच्या २९ व्या तारखेस लंडन शहराचा नवा लॉर्ड मेयर सर टॉमस मिडल्टन हा शपथ घेऊन परत येऊं लागला, तेव्हां वाटेंत त्याला जीं पात्रें भेटलीं तीं कांहीं निराळींच होतीं. एका रथांत भ्रम बसला होता. अंगावर राखी रंगाचें रेशीम, मस्तकाभोंवतीं ढग, त्या ढगावर एक घुबड, एका खांद्यावर वटवाघूळ आणि दुसऱ्यावर जमिनींत बीळ करून राहणारा आंधळा मोल. त्याच्या जोडीला असूया होती. ती गेंड्यावर स्वार होऊन माणसाचें काळीज खात होती. भ्रमानें मेयरला सांगितलें कीं, हें एक वर्ष तुझें आहे. खाऊन घे, पिऊन घे, हात ओले करून घे. सत्ता हातीं असतांना जो उपभोग घेत नाहीं तो मूर्ख. इतक्यांत दुसऱ्या बाजूनें सत्यदेवीचा रथ आला. तिच्या शुभ्र साटिनी वस्त्रावर गरुडाचे डोळे काढलेले होते आणि माथ्यावर ताऱ्यांचा मुकुट होता. तिनें मेयरला सांगितलें कीं, याचें ऐकूं नकोस, माझ्याकडे पाहा.

हा संवाद दरबारांत झाला नाहीं, देवळांत झाला नाहीं, नाटकगृहांतहि झाला नाहीं. तो भर रस्त्यांत, सारें गांव पाहत असतांना झाला. आणि ज्याला लांच न खाण्याचा उपदेश केला जात होता तो मनुष्य शहरांतील सर्वांत धनिक व्यापाऱ्यांपैकीं एक असून, ज्या व्यापारी संघानें या समारंभाचा खर्च सोसला त्याच संघाचा तो सभासद होता. आपल्याच पैशानें आपल्याच माणसाला आपल्याच लोकांसमोर असें बजावून घेण्याची ही रीत मोठी चमत्कारिक खरी. ती कां पडली, तींतील चिन्हांचा अर्थ काय होता, आणि तिनें शहराचें कांहीं हित साधलें कीं केवळ डोळ्यांचें पारणें फिटलें, याचा आज थोडा विचार करूं.

प्रथम लॉर्ड मेयर म्हणजे कोण, तें पाहूं. सन १२१५ मध्यें जॉन राजानें लंडनच्या नागरिकांस आपला मेयर दरसाल निवडण्याचा हक्क सनदेनें दिला. मात्र त्या सनदेंत एक अट होती. निवडलेल्या मेयरनें राजापुढें, अथवा राजा नसल्यास त्याच्या न्यायाधीशांपुढें, उभें राहून राजनिष्ठेची शपथ घेतली पाहिजे. राजाचें ठाणें वेस्टमिन्स्टरला, आणि शहर तेथून कांहीं अंतरावर पूर्वेस. तेव्हां शपथेसाठीं मेयरला दरवर्षीं शहराची हद्द सोडून जावें लागे व पुन्हां परत यावें लागे. सगळ्या स्वारीचें मूळ या जाण्यायेण्यांत आहे. जातांना तो राजाकडे जाई तो प्रजाजन म्हणून. येतांना तो आपल्या शहरांत प्रवेश करी तो त्याचा मुख्य अधिकारी म्हणून. जाणें नावेंतून होई, येणेंहि घाटापर्यंत नावेंतूनच. परंतु घाटावर पाऊल ठेवल्यापासून खरा सोहळा सुरू होई. सेंट पॉलच्या प्रार्थनामंदिराचें आवार, तेथून चीपसाइडचा रुंद बाजार, आणि शेवटीं गिल्डहॉल, म्हणजे नगरसभेचें भवन, असा तो मार्ग होता. राजनिष्ठेची शपथ राजाच्या घरीं आणि कर्तव्याचा उपदेश स्वतःच्या घरीं, अशी ही वांटणी होती.

या सोहळ्याचा खर्च राजा करीत नसे. लंडनमधील धंदेवाल्यांचे संघ होते. वाणी, कापडवाले, सोनार, मासेवाले, कातडीवाले, शिंपी असे. त्यांपैकीं बारा संघ थोर मानले जात, आणि मेयर या बारांपैकींच कोणत्यातरी एकाचा सभासद असावा लागे. ज्या वर्षीं ज्या संघाचा मेयर, त्या वर्षीं त्या संघानें आपल्या सभासदांकडून वर्गणी जमवून चित्ररथ करावयाचे. लिहिण्याचें काम शहरांतील नाटककारांकडे जाई. अँथनी मंडे, टॉमस डेकर, टॉमस मिडल्टन, जॉन वेब्स्टर, टॉमस हेवुड हे सारे त्या काळच्या रंगभूमीवरील नांवाजलेले लेखक या स्वाऱ्यांचे रचनाकार होते. शेक्सपिअरनें मात्र अशी एकहि स्वारी लिहिल्याचें आढळत नाहीं. १६१३ च्या स्वारीचा लेखक टॉमस मिडल्टन आणि नवा मेयर टॉमस मिडल्टन हे दोघे नांवापुरतेच एक. त्यांचें नातेंगोतें कांहीं नव्हतें. त्या एका दिवसासाठीं वाण्यांच्या संघानें सुमारें १३०० पौंड खर्च केले.

या स्वारीच्या आधीं लंडनमध्यें दुसरा एक उत्सव फार जुन्या काळापासून चालत आला होता. भर उन्हाळ्यांत, सेंट जॉन व सेंट पीटर यांच्या सणांच्या पूर्वरात्रीं, नगररक्षकांची पलित्यांच्या उजेडांत मिरवणूक निघे. जॉन स्टो नांवाच्या इतिहासकारानें १५९८ मध्यें छापलेल्या आपल्या ग्रंथांत तिचें प्रेमानें वर्णन केलें आहे. त्या रात्रीं सुखवस्तु लोक आपल्या दारापुढें मेजें मांडीत, त्यांवर खाद्यपेयें ठेवीत आणि येणाऱ्याजाणाऱ्या शेजाऱ्यांना आग्रहानें बसवीत. वर्षभरांत ज्यांचीं भांडणें झालीं असतील त्यांचा समेट तेथेंच होई. आठव्या हेन्रीनें सन १५३९ मध्यें ही मिरवणूक बंद केली. पुढें ती सुरू करण्याचे यत्न झाले, परंतु तिच्यांत पूर्वींचा जीव राहिला नाहीं. तींतील राक्षस, रथ व देखावे हळूहळू मेयरच्या दिवसाकडे सरकले. एक उत्सव मेला आणि त्याचीं वस्त्रें दुसऱ्यानें अंगावर घातलीं. परंतु त्यांत एक फरक पडला, तो लक्षांत ठेवण्यासारखा आहे. पहिल्या उत्सवांत शेजारी शेजाऱ्याशेजारीं बसत होता; दुसऱ्यांत तो रस्त्याच्या कडेला उभा राहून पाहूं लागला.

सन १५७५ मधील एका प्रत्यक्षदर्शी नागरिकानें, विल्यम स्मिथ यानें, मेयरच्या स्वारीचें वर्णन लिहून ठेवलें आहे. त्यांतील एक दृश्य मला सर्व रथांहून अधिक बोलकें वाटतें. स्वारीच्या पुढच्या भागांत गरीब माणसें दोन-दोनच्या रांगेनें चालत. त्यांच्या अंगांत निळे झगे, त्यांना तांबड्या बाह्या, डोक्यावर टोप्या. प्रत्येकाच्या एका हातांत भाला व दुसऱ्या हातांत ढाल असे, आणि त्या ढालीवर त्या संघांतून पूर्वीं मेयर होऊन गेलेल्या एकेका पुरुषाचें कुलचिन्ह रंगविलेलें असे. म्हणजे नव्या मेयरच्या पुढें त्याच्या पदाचे पूर्वज चालत होते, आणि ते चालत होते ते गरिबांच्या खांद्यावर! या चिन्हाचा अर्थ कोणी फोडून सांगितला नसेल; पण तो सांगण्याची गरजहि नव्हती. तूं एक वर्षाचा आहेस, तुझ्यापूर्वीं पुष्कळ झाले, आणि तुझें नांव पुढें वाहणार आहे तें शहरांतील सर्वांत दुबळा मनुष्य, हें त्या रांगेकडे पाहणाऱ्याला उमजत होतें. त्याच दिवशीं गिल्डहॉलमध्यें हजार पानांची मेजवानी होई. तिला ४०० पौंड लागत, त्यांपैकीं २०० मेयरनें द्यावयाचे व शंभर-शंभर दोन शेरीफांनीं.

आतां कोणी विचारील कीं, सरळ शब्दांत उपदेश करावयाचा सोडून हीं घुबडें, गेंडे आणि ताऱ्यांचे मुकुट कशाला? याचें एक उत्तर अगदीं व्यवहाराचें आहे. रस्त्यांत शब्द ऐकूं येत नव्हते. १६१७ च्या स्वारीला व्हेनिसच्या वकिलातींतील धर्मोपदेशक ओरात्सिओ बुसिनो हजर होता. गर्दीचा लोंढा, खिडक्या-खिडक्यांतून दिसणारीं डोकीं, वाट मोकळी करण्यासाठीं फटाके उडवीत पुढें धांवणारे दांडगे, चिखलफेक करणारीं पोरें, हें सारें त्यानें टिपून ठेवलें आहे. अशा कोलाहलांत कवीचे पद्यबंध किती जणांच्या कानीं पडले असतील? म्हणून जें कानाला सांगतां येत नाहीं तें डोळ्याला सांगावयाचें. घुबड म्हणजे प्रकाशाचा वैरी, हें अक्षरशत्रूलाहि कळतें. ज्यांना अक्षर येई त्यांच्यासाठीं संघ त्या स्वारीची पुस्तिका छापून घेत. अशा पुस्तिकांपैकीं आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी १५८५ ची, जॉर्ज पील या कवीची. एकच स्वारी अशा रीतीनें दोन वेळां होई. एकदां रस्त्यावर डोळ्यांसाठीं, आणि पुन्हां घरीं दिव्याखालीं मनासाठीं.

या चिन्हांच्या भाषेला विनोदाचेंहि वावडें नव्हतें. १६१६ मध्यें मासेवाल्यांच्या संघाचा जॉन लेमन मेयर झाला. अँथनी मंडेनें त्याच्यासाठीं फळांनीं लगडलेलें लिंबाचें झाड रथावर उभें केलें. कारण इंग्रजींत लिंबाला 'लेमन' म्हणतात. त्या झाडाच्या बुंध्याशीं पेलिकन पक्षी होता. हा पक्षी आपल्या छातीचें रक्त पाजून पिलें जगवितो, अशी युरोपांत जुनी समजूत होती. नांवावरील कोटीनें लोक हंसले असतील. पण हंसतां हंसतां त्यांनीं पाहिलें कीं, झाड मेयरचें आहे आणि त्याच्या मुळाशीं स्वतःचें रक्त देणारा पक्षी बसला आहे. त्याच स्वारींत एक थडगें होतें. त्यांत सर विल्यम वॉल्वर्थ हा जुना मेयर निजलेला होता. १३८१ च्या शेतकऱ्यांच्या बंडांत वॉट टायलरवर शस्त्र चालविणारा तो हाच. शहराच्या रक्षक देवतेनें त्याला जागें केलें आणि तो मृत मेयर उठून जिवंत मेयरशीं बोलला. येथें मात्र आपण सावध असावें. बंडखोर शेतकऱ्यांना काय म्हणावयाचें होतें तें सांगणारा रथ कोणी बांधला नाहीं. स्वारीची स्मृति ही पैसे देणाऱ्या संघाची स्मृति होती.

तथापि या साऱ्याला निव्वळ खुशामत म्हणणें योग्य होणार नाहीं. स्तुतीच्या वेषांत मागणी कशी पुढें येते, हें पाहावयाचें असेल तर अर्धशतक मागें जाऊं. सन १५५९ च्या १४ जानेवारीस, राज्याभिषेकाच्या आदल्या दिवशीं, एलिझाबेथ राणी लंडनच्या रस्त्यांतून गेली. शहरानें जागोजागीं देखावे उभारले होते. एका ठिकाणीं दोन टेंकड्या होत्या. एक उजाड, जिच्यावरील झाड वठलेलें, दुसरी हिरवीगार. पहिली म्हणजे नासलेलें राज्य, दुसरी म्हणजे भरभराटीचें राज्य. मधल्या गुहेंतून म्हातारा काळ आपल्या मुलीला, सत्याला, हाताला धरून घेऊन आला, आणि त्या मुलीच्या हातून इंग्रजी बायबल राणीकडे पोंचविण्यांत आलें. राणीनें त्याचें चुंबन घेतलें व तें छातीशीं धरलें. वरवर पाहतां ही भक्ति. पण हिशेब चोख होता. आधींच्या मेरी राणीच्या कारकीर्दींत धर्मावरून माणसें जिवंत जाळलीं गेलीं होतीं. आतां शहरानें हजारों लोकांच्या साक्षीनें एक ग्रंथ पुढें केला आणि राणीनें तो स्वीकारला. चीपसाइडमध्यें शहरानें तिला सोन्याच्या १००० मार्कांची थैली दिली. पुढें फ्लीट रस्त्यावर जुन्या करारांतील डेबोरा दाखविली होती. ती न्यायाधीश स्त्री, पार्लमेंटच्या वेषांत, राज्यांतील तिन्ही थरांच्या लोकांशीं मसलत करीत बसलेली होती. बाई राज्य करूं शकते, हें सांगून शहरानें राणीला मान दिला. ती सल्ला घेऊन राज्य करते, हें दाखवून तिला वाटहि दाखविली.

नॉर्विच शहरानें तर याहून सरळ मार्ग धरला. १५७८ च्या ऑगस्टमध्यें तीच राणी तेथें गेली, तेव्हां त्या विणकरांच्या शहरानें देवदेवतांच्या आधीं आपला धंदाच मंचावर मांडला. मंचाच्या एका टोंकाला आठ लहान मुली लोंकरीचें सूत कांतीत होत्या, दुसऱ्या टोंकाला तितक्याच मुली मोजे विणीत होत्या. मागें हातमाग रंगविलेले होते. आणि एका पाटीवर शहराच्या भरभराटीचीं कारणें लिहिलेलीं होतीं: खऱ्या धर्माचा उपदेश, न्यायाची अंमलबजावणी, लोकांची आज्ञाधारकता, आळसाची हकालपट्टी, श्रमाचा आदर आणि सर्वांची एकी. पहिल्या दोन गोष्टी राज्यकर्त्यांनीं करावयाच्या आणि बाकीच्या लोकांनीं. तो मंच म्हणजे एक करारनामाच होता म्हणाना.

राजाचा दिवस आणि शहराचा दिवस यांतील भेद दोन पडद्यांवरून चांगला कळतो. १६०४ च्या मार्चमध्यें पहिला जेम्स राजा लंडनमध्यें शिरला, तेव्हां त्याच्यासाठीं सात कमानी उभारल्या होत्या. पहिल्या कमानीच्या माथ्यावर लंडन शहराची लांकडी प्रतिकृति होती व तिच्यावर दाट ढगासारखा रंगविलेला रेशमी पडदा होता. राजा जवळ येतांच तो पडदा दूर झाला. अर्थ उघड होता. राजा सूर्य, तो आल्यावांचून शहराला उजेड नाहीं. आतां पुन्हां १६१३ कडे वळूं. चीपसाइडमध्यें लंडनचा विजयगिरि उभा होता आणि भ्रमानें त्यावर धुक्याचा पडदा पसरला होता. तोहि पडदा दूर झाला. परंतु तो राजाच्या येण्यानें नव्हे, मेयरच्या येण्यानेंहि नव्हे, तर सत्यदेवीच्या आज्ञेनें. तेंच यंत्र, तेंच रंगीत कापड. परंतु नऊ वर्षांत सूर्य बदलला होता. शहराच्या स्वतःच्या सणांत कोणताहि अधिकारी सूर्य नसतो, तो फार तर सूर्याकडे तोंड करून चालणारा प्रवासी असतो, हें सांगण्याचें धैर्य त्या रेशमी धुक्यांत होतें. स्वारी रात्रीं मेयरच्या घराजवळ आली, तेव्हां सत्यदेवीच्या आज्ञेवरून धर्मावेशानें आपल्या मस्तकांतून अग्नि सोडला आणि भ्रमाचा रथ सर्वांच्या देखत जळून निखारे झाला.

त्या दिवशीं सकाळीं मेयरला प्रथम भेटली ती लंडननगरी. लांब पांढऱ्या केसांची वृद्ध माता. तिच्या डोक्यावर मनोऱ्यांचा व कळसांचा मुकुट. तिनें त्याला आपला मुलगा म्हणून हांक मारली आणि आईनें केलेलें संगोपन विसरूं नको म्हणून सांगितलें. अध्यक्ष हा शहराचा धनी नसून मुलगा आहे, ही कल्पना मला या साऱ्या चिन्हांतील गाभा वाटते. धन्याला उपदेश करतां येत नाहीं. मुलाला करतां येतो.

याच वर्षीं बरोबर एक महिन्यापूर्वीं, २९ सप्टेंबरला, दुसरा एक लहानसा समारंभ झाला होता. मेयरचा भाऊ ह्यू मिडल्टन यानें हर्टफर्डशायरमधील झऱ्यांचें पाणी सुमारें ३८ मैलांचा कालवा काढून लंडनच्या वेशीपर्यंत आणलें. थोरला भाऊ मेयर निवडला गेला त्याच दिवशीं धाकट्याच्या कालव्याचें पाणी तळ्यांत सोडण्यांत आलें. तेथें रथ नव्हते, देवता नव्हत्या. साठ-एक मजूर सारख्या हिरव्या टोप्या घालून, हातांत आपापलीं कुदळी-फावडीं घेऊन, ढोलाच्या तालावर तळ्याभोंवतीं दोन-तीन वेळां फिरले. नंतर कवि मिडल्टननें लिहिलेलें भाषण झालें आणि त्यांत देखरेख करणारा, कारकून, गणिती, लांकूडकाम करणारा, मोजणीदार, गवंडी, फरसबंदी करणारा अशा एकेकाची नांवनिशीवार आठवण केली गेली. मग झडपा उघडल्या व पाणी धांवत आलें. पुढें हें भाषण मेयरच्या स्वारीच्या पुस्तिकेला जोडून छापलें गेलें. कोणाला वाटेल कीं, सत्य आणि भ्रम यांच्या भव्य लढाईपुढें हें पुरवणीचें पान किरकोळ आहे. मला तसें वाटत नाहीं. नगरसेवेचें चिन्ह शोधावयाचें तर फावडें हातांत घेतलेल्या माणसाहून चांगलें चिन्ह कोणतें?

आतां ज्या चिन्हांत आपलाहि संबंध येतो त्यांच्याकडे वळूं. वाण्यांचा संघ मसाल्याचा व्यापार करी, आणि सर टॉमस मिडल्टन ईस्ट इंडिया कंपनीच्या आरंभींच्या भागीदारांपैकीं एक होता. त्यामुळें वाण्यांच्या स्वारींत 'इंडिया' वारंवार दिसते. आणि त्या काळच्या लंडनकराच्या मनांत त्या नांवाखालीं मलबारपासून जावापर्यंतचा सारा मुलूख येई. १६१७ मध्यें सर जॉर्ज बोल्सच्या स्वारींत एका रथावर मसाल्याच्या झाडांचें बेट होतें. हिंदी लोकांचीं सोंगें घेतलेलीं पोरें तेथें जायफळाचीं झाडें लावीत होतीं, फळें तोडीत होतीं, मिऱ्यांच्या पिशव्या भरीत होतीं. दुसऱ्या रथावर व्यापार व उद्योग यांच्या सोबत 'इंडिया' ऐश्वर्यानें बसली होती. उंटांवर आणि पंख असलेल्या काल्पनिक ग्रिफिनांवर बसलेल्या पोरांनीं गर्दींत साखर, जायफळें, खजूर आणि सुंठ उधळली. पांच वर्षांनीं, १६२२ मध्यें, मिडल्टननेंच 'इंडिया' ला काळ्या राणीच्या रूपांत आणलें; आणि आपल्या मालाच्या मोबदल्यांत इंग्रज व्यापाऱ्यांनीं आपल्याला ख्रिस्ती धर्म दिला, तोच मोठा नफा, असें तिच्या तोंडीं घातलें.

हा सौदा कोणी कोणाशीं केला होता? ज्या १६१७ सालीं लंडनच्या रथावर 'इंडिया' हंसतमुखानें आपली संपत्ति देत बसली होती, त्याच सालीं इंग्रज राजाचा वकील सर टॉमस रो हा जहांगीर बादशहाच्या छावणीमागून फिरत, व्यापाराच्या सवलतींसाठीं दरबारांत तिष्ठत होता. सुरतेस इंग्रजांची वखार होऊन त्या वेळीं चार-पांच वर्षें झालीं होतीं, आणि तीहि मोंगल अधिकाऱ्यांच्या मर्जीवर चालली होती. रथावरील राणी दाता होती आणि दरबारांतील वकील याचक होता. चिन्हाचें हें सामर्थ्यहि आहे आणि हाच त्याचा धोकाहि आहे. जें अद्याप घडलेलें नाहीं तें तें घडल्यासारखें दाखवितें, आणि पाहणाऱ्याच्या मनाला त्याची संवय लावतें. मिऱ्यांची पिशवी कोणी भरली, तिची किंमत काय मिळाली, हें विचारण्याची त्या रस्त्यांत कोणाला आठवण झाली नाहीं. कारण ती पिशवी आनंदानें भरली जातांना सर्वांनीं डोळ्यांनीं पाहिली होती. भ्रमाच्या रथाला आग लावणाऱ्या त्या कवीलाहि हें धुकें दिसलें नाहीं. स्वतःच्या मेयरला लांच खाऊं नको म्हणून सांगणारें शहर दूरच्या माणसाविषयीं मात्र आपल्याला सोयीचें तेंच पाहत होतें.

हा सोहळा पुढें कसा ओसरला? राजा आणि शहर यांच्यामधील बोलणें थांबल्याचीं चिन्हें आधीं दिसूं लागलीं. १६२५ च्या प्लेगमुळें पहिल्या चार्ल्सचा नगरप्रवेश लांबला. शहरानें कमानी उभारल्या होत्या. पण १६२६ मध्यें राजानें तो प्रवेश रद्द करून त्या काढून टाकावयास सांगितलें. ज्या राजाला शहराची स्तुति ऐकण्यास सवड नाहीं त्याला त्या स्तुतींत गुंडाळलेली मागणी तरी कशी ऐकूं यावी? पंधरा-सोळा वर्षांनीं यादवी युद्ध पेटलें, तेव्हां लंडन शहर त्याच्या विरुद्ध पक्षाला मिळालें. याचें कारण त्या मोडलेल्या कमानी नव्हेत, हें उघड आहे. परंतु समोरासमोर बसून बोलण्याची एक जागा दोघांनीं गमावली होती, हें खरें. मेयरच्या चित्ररथांतहि १६३९ नंतर खंड पडला. ते १६५५ मध्यें पुन्हां सुरू झाले, पण अठराव्या शतकाच्या आरंभीं कवींची गरज संपली. एल्काना सेटलनें १७०८ साठीं रचलेली स्वारी राणी ॲनचा पति प्रिन्स जॉर्ज आदल्या दिवशींच वारल्यामुळें निघालीच नाहीं, आणि पुढें तशा रचना कोणी करविल्या नाहींत. १७५७ मध्यें मेयरसाठीं सोनेरी कोरीव रथ तयार झाला, आणि लोक त्या रथाकडे पाहूं लागले. पूर्वीं मेयर चालला असतां चिन्हें त्याच्याशीं बोलत. आतां तो स्वतःच एक चिन्ह होऊन खिडकींतून हात हालवूं लागला.

स्वारी आजहि निघते. १९५९ पासून तिचा दिवस नोव्हेंबरचा दुसरा शनिवार आहे. तो १७५७ चा रथ अद्याप रस्त्यांत येतो, नवा मेयर न्यायमंदिरांत जाऊन शपथ घेतो, आणि गॉग व मेगॉग या दोन राक्षसांच्या वेताच्या मूर्ति मिरवल्या जातात. गिल्डहॉलमधील त्यांच्या जुन्या लांकडी मूर्ति १९४० च्या डिसेंबरमधील बाँबहल्ल्यांत जळाल्या. १९५३ मध्यें नव्या बसविण्यांत आल्या. शहरें आपलीं चिन्हें सहजासहजीं टाकीत नाहींत.

अशा सोहळ्यांवर खर्च व्हावा कीं नाहीं, हा प्रश्न प्रत्येक शहराला पडतो. १३०० पौंडांत किती गरिबांच्या घरांत चूल पेटली असती, असें विचारणारा मनुष्य अयोग्य कांहीं विचारीत नाहीं. परंतु त्याच्या शेजारीं आणखी एक प्रश्न ठेवावा. अधिकाऱ्याला सत्ता हातीं घेण्याच्या घटकेलाच, सर्वांच्या देखत, न रागावतां आणि न भितां, तूं भुलूं नकोस असें सांगण्याची सोय त्या शहरानें कशी केली आहे? चारशें वर्षांपूर्वींच्या लंडननें ती सोय रेशीम, रंग आणि फटाके यांतून केली. ती अपुरी होती, कित्येकदां आंधळी होती. तरीहि निळे झगे घातलेले ते गरीब लोक, हातांत गतकाळच्या मेयरांच्या ढाली घेऊन, दरवर्षीं नव्या मेयरच्या पुढें चालत होते, आणि त्यांच्या मागून चालल्याशिवाय त्याला आपल्या जागेवर जाऊन बसतां येत नव्हतें.